मणक्याच्या दुखापतीनंतर चालणं : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : माझे पती ५२ वर्षांचे. दोन महिन्यांपूर्वी आंबे उतरवताना झाडावरून पडले. डी-१२ मणका (छातीमागच्या मणक्यांतला शेवटचा, बारावा) मोडला, ऑपरेशन झालं. पायांत हालचाल नाही. एमआरआय पाहून एक डॉक्टर म्हणतात चालतील, दुसरे म्हणतात आशा सोडा. कुणाचं खरं मानू?

उत्तर : ताई, नुसत्या एमआरआयवरून हे ठरत नाही. ते ठरतं हाताने करायच्या तपासणीवरून, आणि संकोचापायी नेमकी तीच राहून जाते. मज्जारज्जूचं अगदी खालचं टोक गुदद्वाराभोवतीची कातडी आणि तिथला स्नायू सांभाळतं. तिथे टाचणीची टोच कळते का, बोटाचा दाब जाणवतो का, तो स्नायू स्वतःहून आवळता येतो का, हे पाहायचं. यातलं एक जरी असेल, तर मार लागलेल्या जागेतून काही तंतू अजून शाबूत आहेत. इजा ‘अपूर्ण’ आहे. काहीच नसेल तर ती ‘पूर्ण’, म्हणजे ए श्रेणीची (ए ते ई या श्रेणींतली सर्वांत गंभीर). टोच कळणं तर फारच मोलाचं. वेदना नेणारे तंतू हालचालीच्या तंतूंच्या जवळूनच जातात. ते वाचले असतील तर शेजारचेही थोडे वाचले असण्याची शक्यता वाढते.

अपघातानंतर काही दिवस ते काही आठवडे मज्जारज्जू बधिर असतो, म्हणून पहिल्या दिवशीचा निकाल अखेरचा धरू नका. आता पुन्हा तपासून घ्या आणि तारखेसह लिहून मागा. आणखी एक : डी-१२ पाशी मज्जारज्जू संपत येतो आणि नसांचा झुपका सुरू होतो. या नसा मज्जारज्जूपेक्षा बऱ्या सावरतात, पण सावकाश. सुधारणेचा वेग पहिल्या तीन ते सहा महिन्यांत सर्वांत जास्त असतो. पुढे मंदावतो, तरी वर्ष-दीड वर्ष चालू राहतो. त्यामुळे ‘जरा ताकद आली की व्यायाम सुरू करू’ असं म्हणून थांबू नका. हे महिने परत मिळत नाहीत.

प्रश्न : मुलगा २३ वर्षांचा, डी-६ची (छातीमागच्या सहाव्या मणक्यापाशी) इजा, दहा महिने झाले. रात्री पाय आपोआप उडतात, गुडघे दुमडतात. नातेवाईक म्हणतात, जीव येतोय. खरंच?

उत्तर : तसं म्हणता आलं असतं तर मलाही आनंद झाला असता. मेंदूचा लगाम सुटल्यामुळे खालचा मज्जारज्जू स्वतःच्या स्वतः पाय ओढतो. त्याला आम्ही स्पास्टिसिटी म्हणतो. सुधारणेची खूण वेगळी. ‘अंगठा हलव’ म्हटल्यावर अंगठा हलला, आणि ‘थांब’ म्हटल्यावर थांबला, तर लगेच दाखवायला या.

झटके एकाएकी वाढले तर आधी कारण शोधा : लघवीतला जंतुसंसर्ग, बद्धकोष्ठता, बेडसोअर, आत रुतलेलं नखसुद्धा. बॅक्लोफेन (झटके कमी करणारं औषध) चालू असेल तर मनाने अचानक बंद करू नका, फिट येऊ शकते. आणि डी-६ किंवा त्यावरची इजा असलेल्या प्रत्येक घराला हे माहीत हवंच : डोकं ठणकायला लागलं, चेहरा लाल झाला, घाम फुटला तर रक्तदाब धोकादायक चढलेला असू शकतो. पेशंटला ताबडतोब उठवून बसवा, कपडे सैल करा, कॅथेटर (लघवीची नळी) मुडपलाय का पाहा. लघवी तुंबली नसेल तर शौच तुंबलंय का ते बघा. उतार पडला नाही तर थेट दवाखाना गाठा.

प्रश्न : स्वित्झर्लंडमध्ये पाठीत यंत्र बसवून माणसं चालली, असं वाचलं. इथे एक क्लिनिक स्टेम सेलची (मूळ पेशींची) इंजेक्शनं देतो म्हणतं. भावासाठी दीड एकर विकायची तयारी आहे.

उत्तर : विकू नका, कळकळीने सांगते. मणक्याच्या इजेसाठी स्टेम सेल हा सिद्ध झालेला उपचार नाही. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०१७च्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे तो फक्त मंजूर चाचणीतच देता येतो, आणि चाचणीसाठी पेशंटकडून पैसे घ्यायचे नसतात. पैसे मागितले, तिथेच उत्तर मिळालं.

स्वित्झर्लंडचं काम मात्र खरं आहे. लोझानमधल्या ग्रेगवार कूर्तीन आणि जोसलिन ब्लॉक यांच्या गटाने २०१८ मध्ये कमरेच्या मज्जारज्जूवर इलेक्ट्रोड (विजेचे हलके स्पंद देणारी टोकं) बसवून तिघांना पावलं टाकायला लावली. २०२३ मध्ये एका डच गृहस्थाच्या मेंदूतला चालण्याचा इरादा टिपून तो थेट त्या इलेक्ट्रोडपर्यंत पोचवला. पुढे यंत्र बंद असतानाही ते कुबड्या घेऊन चालू शकले. इजेखालचा मज्जारज्जू मेलेला नसतो, म्हणून हे जमतं. पावलांचा ताल धरणारं पेशींचं जाळं तिथे असतं, फक्त वरून निरोप येत नाही. विजेने ते जागं होतं. पण त्या सगळ्यांनी त्याबरोबर महिनोन्‌महिने सराव केला होता. हे अजून संशोधन आहे, विकत घ्यायचा उपचार नाही.

भावाची इजा अपूर्ण असेल तर ते जाळं जागवायचा रस्ता आजही आहे. पट्ट्यांनी शरीराचं वजन उचलून धरायचं आणि रोज शेकडो पावलं टाकायची. तळव्याला जमीन लागते, मांडी मागे जाते, त्यातून जाळ्याला खूण मिळते. पलंगावर पडून पाय उचलण्याने ती मिळत नाही.

प्रश्न : व्हीलचेअर दिली की माणूस आळशी होतो आणि चालायचं विसरतो, म्हणून आम्ही ती आणली नाही.

उत्तर : आणा, याच आठवड्यात. कॅलिपर (पायांना ताठ धरणारा आधार) लावून चालायला नेहमीच्या चालण्यापेक्षा कितीतरी जास्त दम लागतो. तो दम सरावासाठी राखा, आणि बाजाराला, कामाला खुर्चीतून जा. आळशीपणाचं म्हणाल, तर ६५च्या युद्धात गोळ्या लागून कमरेखाली अपंगत्व आलेले आपले मुरलीकांत पेटकर १९७२ मध्ये हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमधून पोहण्यातलं सुवर्णपदक घेऊन आले. खुर्चीत बसल्यावर दर १५-३० मिनिटांनी हातांवर जोर देऊन बूड उचलायचं. कातडीला रक्त मिळतं.

प्रश्न : थंडीत पाय गार पडतात. गरम पाण्याची पिशवी ठेवू का?

उत्तर : मुळीच नको. चटका बसलेला कळत नाही आणि भाजलेलं भरायला महिने लागतात. लोकरीचे मोजे घाला, आणि झोपण्यापूर्वी आरशात तळवे बघा.