चारही सिलिंडरचं कॉम्प्रेशन सारखंच कमी येतंय. कॅम टायमिंग चुकल्यामुळे असं होतं का?

हो, होतं. कॅम म्हणजे व्हॉल्व्ह उघडबंद करणारा दांडा, आणि टायमिंग बेल्ट त्याला क्रँकशी, म्हणजे पिस्टनला जोडलेल्या दांड्याशी बांधतो; बेल्ट एखादा दात चुकून बसला की व्हॉल्व्हची वेळ चुकते. तुम्ही लिहिलंय की चारही सिलिंडर १३५ ते १४० पीएसआय (दाबाचं एकक) दाखवतात, पुस्तकात १७५ आहे, टायमिंग बेल्ट नुकताच बदललाय, गाडी कमी आरपीएमला ओढत नाही आणि मेकॅनिक म्हणतो रिंगा (पिस्टनभोवतीच्या, हवा अडवणाऱ्या कड्या) गेल्या. एवढ्यावर मी तरी इंजिन उघडू देणार नाही. चारही सिलिंडरच्या रिंगा इतक्या मापात झिजणं दुर्मीळ; एखादं सिलिंडर बाकीच्यांच्या मागे पडतंच.

कॉम्प्रेशन गेज कॉम्प्रेशन रेशो (पिस्टन तळाला आणि वर असताना सिलिंडरमध्ये उरणाऱ्या जागेचं प्रमाण) मोजत नाही. इनटेक व्हॉल्व्ह (हवा आत घेणारा) बंद झाला त्या क्षणी सिलिंडरमध्ये जेवढी हवा अडकली, ती दाबल्यावर किती दाब तयार झाला एवढंच ते सांगतं. आणि हा व्हॉल्व्ह पिस्टन तळाला पोचल्यावर लगेच बंद होत नाही, बहुतेक इंजिनांत त्यानंतर ४० ते ६० अंशांनी होतो. इंजिन जोरात फिरत असताना आत धावत येणारी हवा वर येणाऱ्या पिस्टनला न जुमानता शिरत राहते, म्हणून हा उशीर फायद्याचा. पण सेल्फवर इंजिन जेमतेम २०० आरपीएमने फिरतं. तेव्हा हवेला वेग नसतो, आणि व्हॉल्व्ह उघडा असेपर्यंत पिस्टन तीच हवा मॅनिफोल्डमध्ये, म्हणजे हवा आणणाऱ्या नळ्यांत, परत ढकलतो.

आता आकड्यात बघू. क्रँकच्या पुलीला २४ दात असतील तर एक दात म्हणजे क्रँकचे १५ अंश. १०:१ रेशोच्या इंजिनात व्हॉल्व्ह ४५ अंशांवर बंद होत असेल तर तोवर पिस्टनचा साधारण ११ टक्के स्ट्रोक (तळापासून वरपर्यंतचा प्रवास) वाया गेलेला असतो. कॅम एक दात मागे पडला की ६० अंशांवर १९ टक्के जातो. माझ्या हिशोबाने यात दाब दहा-बारा टक्क्यांनी उतरतो, म्हणजे १७५ चे साधारण १५५. तुमचा आकडा त्याच्याही खाली आहे. त्यामुळे एक तर दोन दात चुकलेत, किंवा एक दात आणि वर टेस्टही नीट झालेली नाही. मला दुसरी शक्यता जास्त वाटते.

टेस्ट करताना इंजिन गरम हवं, सगळे प्लग काढलेले हवेत, इंधन आणि इग्निशन बंद आणि बॅटरी पूर्ण चार्ज हवी. थ्रॉटल (इंजिनात हवा सोडणारी झडप) पूर्ण उघडं असणं तर सगळ्यांत महत्त्वाचं. ते बंद असेल तर हवा आत यायलाच जागा नसते आणि चारही आकडे एकदम खाली येतात. केबल नसलेल्या इलेक्ट्रॉनिक थ्रॉटलच्या गाड्यांत नुसतं पेडल दाबून भागत नाही. एअर पाइप काढा आणि आतली पाकळी खरंच उघडली का ते डोळ्यांनी बघा. उंचीचाही परिणाम होतो: समुद्रसपाटीपासून १००० मीटरवर हवेचा दाबच सुमारे ११ टक्के कमी असतो, आणि पुस्तकातला आकडा सहसा समुद्रसपाटीचा.

आकड्यापेक्षा मी काट्याची चाल जास्त बघतो. रिंगा ठीक असतील तर पहिल्याच झटक्याला काटा अर्ध्याच्या पुढे उडी मारतो आणि चार-पाच झटक्यांत थांबतो. टायमिंग मागे असेल तरी उडी तशीच, फक्त तो थांबतो खाली. रिंगा गेल्या असतील तर पहिला झटका कमजोर आणि मग रडतखडत चढतो. प्लगच्या भोकातून चमचाभर तेल टाकून पुन्हा मोजल्यावर आकडा चांगला वर गेला तर रिंगांवर संशय घ्यायचा. चमचाभरच टाका, जास्त तेल स्वतःच जागा अडवतं आणि आकडा फुगवतं.

उलटंही होतं बरं का. इनटेक कॅम एक दात पुढे गेला तर रीडिंग वाढतं, आणि कार्बन साचला तरीही. दोन कॅमच्या इंजिनात फक्त एक्झॉस्ट कॅम चुकला तर रीडिंग जवळपास बरोबर येतं, पण गाडी नीट चालत नाही. तेव्हा चांगलं रीडिंग म्हणजे टायमिंग बरोबर, असंही नाही.

आता करायचं काय? सेल्फ मारत बसू नका, टायमिंग फार चुकलं असेल तर काही इंजिनांत पिस्टन व्हॉल्व्हला लागतो. कव्हर काढा, पाना लावून क्रँक नेहमीच्या दिशेने हाताने दोन पूर्ण फेरे फिरवा आणि खुणा जुळतात का ते पाहा. बाहेरच्या पुलीच्या खुणेवर भरवसा ठेवू नका, तिची रबरावरची कडी कधीकधी सरकलेली असते. पहिला पिस्टन खरंच वर आला का, हे प्लगच्या भोकात लांब स्क्रूड्रायव्हर सोडून हलक्या हाताने तपासा.

तरीही मेकॅनिक रिंगांवरच अडून बसला तर लीकडाउन टेस्ट करायला सांगा. तिच्यात पिस्टन वर, दोन्ही व्हॉल्व्ह बंद आणि हवा बाहेरून भरलेली असते, त्यामुळे कॅम एक-दोन दात इकडेतिकडे असला तरी सहसा फरक पडत नाही. गळती थोडी असेल तर रिंगांचा विषय संपला. जास्त असेल तर हवा कुठून फुसफुसते ते ऐका: ऑइलच्या झाकणातून आली तर रिंगा, सायलेन्सरमधून आली तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, रेडिएटरमध्ये बुडबुडे आले तर हेड गॅस्केट.