वाचकांचे प्रश्न : आरेसिबोचा लोंबता सांगाडा कुणाचा?

प्रश्न : पोर्तो रिकोतल्या आरेसिबोच्या कोसळलेल्या रेडिओ दुर्बिणीबद्दल वाचताना हेलियास दुंदुलाकिस हे नाव भेटलं. ग्रीक स्थलांतरित, युद्धात हेर, पुढे इंजिनिअर, एवढंच लिहिलं होतं. एका माणसात इतकं मावतं? आणि दुर्बीण पडली म्हणजे त्यांची कल्पना फसली असं समजायचं का?

उत्तर : मावतं. ब्याण्णव वर्षं जगले ते. फक्त एक खुलासा : जन्माने ते अमेरिकनच. १९२३ साली ओहायोतल्या कँटनला जन्मले, पण दोन वर्षांचे असतानाच घरचे परत ग्रीसच्या क्रीट बेटावर, आर्खानेसला गेले. युद्धानंतर न्यूयॉर्कला पोचलेला तरुण कागदोपत्री मायदेशी आला होता, वाढला होता मात्र क्रीटमध्ये.

२० मे १९४१ला जर्मन छत्रीधारी सैनिक क्रीटवर उतरले, तेव्हा हेलियासला अठरावंही पुरं झालं नव्हतं. थोरला भाऊ जॉर्ज आणि तो ब्रिटिशांच्या गुप्त संघटनेसाठी काम करू लागले. १९४३मध्ये दोघांना बेट सोडून इजिप्त गाठावं लागलं. तिथे अमेरिकेच्या ओएसएसने, म्हणजे सीआयएच्या आधीच्या हेरखात्याने, हेलियासला कैरोत तयार केलं आणि पुढच्या वर्षी ग्रीसमधल्या थेसालोनिकीला धाडलं. शहर जर्मनांच्या ताब्यात, आणि काम वायरलेसवर बातम्या पाठवण्याचं. हे काम भलतं जोखमीचं, कारण संदेश चालू असेतोवर तो कुठून येतोय याचा माग काढता येतो. बंदूकवाल्याला पळता तरी येतं, वायरलेसवाल्याला मजकूर पुरा करूनच उठावं लागतं.

लोक या हेरगिरीतच रमतात. मी नोकरीभर पुलांच्या केबलांची गणितं केली, म्हणून माझा जीव पुढच्या भागात जास्त अडकतो.

पोर्तो रिकोतल्या डोंगरांमधल्या नैसर्गिक खळग्यात या दुर्बिणीची ३०५ मीटर व्यासाची थाळी बसवायची होती. एवढी थाळी फिरवणं अशक्य. मग आकाशात नजर इकडेतिकडे न्यायची, तर थाळीवरून परतलेल्या लहरी टिपणारी यंत्रणाच वर सरकवायला हवी. तिला अधांतरी धरायचं कशाने? कॉर्नेल विद्यापीठाच्या सुरुवातीच्या आराखड्यात त्यासाठी सुमारे १५० मीटरचा मनोरा होता. जॉर्ज तेव्हा न्यूयॉर्कजवळच्या गार्डन सिटीत, अँटेना बनवणाऱ्या जनरल ब्राँझ कंपनीत संशोधन बघत होते. कॉर्नेलची मागणी हाती आल्यावर त्यांनी स्थापत्य अभियंता असलेल्या भावाला गाठलं. दोघांचं म्हणणं असं, की भार खालून पेलायचा कशाला, वरून टांगावा. खळग्याच्या काठावर मनोरे उभारायचे आणि त्यांच्यावरून केबल ताणायच्या. यंत्रणेचं सगळं वजन मग केबलांतला ताण बनून काठाकडे जातं, मनोऱ्यांवर दाब येतो आणि त्यांना मागून ओढून धरणाऱ्या केबला उरलेली ओढ डोंगरात उतरवतात. थाळीत मनोरा उभा करावा लागत नाही. इतकी सरळ युक्ती आधी कुणाला सुचली नाही याचा मला अजून हेवा वाटतो! प्रत्यक्षात तीन मनोरे उभे राहिले आणि १९६३मध्ये दुर्बीण सुरू झाली. पेटंट १९६६मध्ये हेलियासच्या नावावर मिळालं, पण कल्पनेचं श्रेय जॉर्जनाही द्यायला हवं. हेलियास पुढे ग्रुमन कंपनीत गेले, चंद्रावर उतरणारं यान बांधणारी तीच ती.

आता फसण्याचं. १९९०च्या दशकात लोंबत्या सांगाड्यावर आणखी उपकरणं चढली आणि त्या भारासाठी जादा केबला जोडल्या गेल्या. ऑगस्ट २०२०मध्ये पहिली सुटली ती या जादा केबलांपैकी, आणि तीही मधे तुटून नव्हे, टोकाच्या खोबणीतून निसटून. नोव्हेंबरात मूळची एक मुख्य केबल गेली. १ डिसेंबरला सुमारे ९०० टनांचा सांगाडा खाली थाळीत आला. दोष धरायचा तर खोबणीतल्या जोडांना आणि देखभालीला धरा. टांगण्याची पद्धत पोर्तो रिकोच्या वादळांत सत्तावन्न वर्षं टिकली, त्या काळात बुध स्वतःभोवती किती दिवसांत फिरतो ते इथूनच कळलं आणि १९७४मध्ये इथेच सापडलेल्या जोडपल्सारने (पल्सार म्हणजे ठरावीक अंतराने रेडिओ लहरींचे ठोके देणारा तारा, हा दुसऱ्या ताऱ्याच्या जोडीने फिरणारा) १९९३चं नोबेल मिळवून दिलं. हेलियासनी हे कोसळणं पाहिलं नाही. ते २९ फेब्रुवारी २०१६ला वारले.

पेटंट अमेरिकेचं आहे, क्रमांक ३२७३१५६. इंटरनेटवर फुकट मिळतं. मजकूर कंटाळवाणा वाटला तर नुसत्या आकृत्या बघा.