एच-१बी (कंपनीमार्फत मिळणारी अमेरिकेत नोकरीची परवानगी) संपत आलाय. अमेरिकेत राहूनच मुदत वाढवता येते का, की भारतात जावंच लागतं?

तुम्ही लिहिलंय त्यावरून: तुमच्या एच-१बीची मुदत १५ मार्चला संपतेय, पासपोर्टवरचा व्हिसाचा शिक्का आधीच संपलाय, पत्नी एच-४ वर (एच-१बीवाल्याच्या जोडीदाराला आणि मुलांना मिळणारं स्टेटस) आहे आणि तिच्या ईएडीवर (नोकरीच्या परवानगीचं कार्ड) नोकरी करते, आणि कंपनीचा वकील म्हणतो, ‘जानेवारीत बघू.’

मुदत इथूनच वाढते, भारतात जावं लागत नाही. पण ‘जानेवारीत बघू’ मान्य करू नका. तुमच्यापुरतं ते कदाचित निभेल, तुमच्या पत्नीची नोकरी मात्र त्यात अडकू शकते. ते पुढे येतंच.

आधी तारखांचा घोळ सोडवू, कारण बहुतेक चुका तिथेच होतात. पासपोर्टवरचा शिक्का फक्त दारातून आत येण्यासाठी असतो. तुम्ही आत आहात तोवर तो संपला तरी काही बिघडत नाही. आय-७९७ म्हणजे कंपनीच्या पिटिशनची (तिने तुमच्यासाठी सरकारकडे केलेल्या अर्जाची) मंजुरी. तुम्ही या देशात कधीपर्यंत राहू शकता हे ठरवतं ते आय-९४, म्हणजे तुमच्या प्रवेशाची सरकारी नोंद. एरवी आय-७९७ आणि आय-९४ वरची तारीख जुळते, आणि म्हणूनच कुणी ती तपासत नाही.

तुम्ही आजच तपासा. सीबीपीच्या (सीमेवर आणि विमानतळावर तपासणी करणारं खातं) आय-९४ च्या वेबसाइटवर पासपोर्ट नंबर टाकून सर्वांत अलीकडच्या प्रवेशाची नोंद काढा आणि ‘अ‍ॅडमिट अंटिल डेट’ वाचा. मंजुरी १५ मार्चपर्यंतची असली, तरी विमानतळावर आलात तेव्हा पासपोर्ट त्याआधी, समजा १० जानेवारीला, संपणार असेल, तर अधिकारी आय-९४ १० जानेवारीपर्यंतच देतो. पुढे तुम्ही दूतावासातून नवा पासपोर्ट घेता आणि वाटतं, काम झालं. तसं नसतं. पासपोर्ट नवा झाला म्हणून आय-९४ आपोआप वाढत नाही. त्या १० जानेवारीनंतरचा प्रत्येक दिवस बेकायदा वास्तव्यात मोजला जाऊ शकतो. असे १८० पेक्षा जास्त दिवस झाल्यावर देश सोडला तर तीन वर्षं परत येता येत नाही, वर्षभर किंवा जास्त झाले तर दहा वर्षं. तुमच्या आय-९४ वर १५ मार्चच्या आधीची तारीख दिसली, तर वकिलाला त्याच दिवशी स्क्रीनशॉट पाठवा. तुमची खरी मुदत तीच, आणि एक्स्टेन्शन तिच्या आत दाखल व्हायला हवं. पत्नीचं आणि मुलांचं आय-९४ ही वेगवेगळं पाहा. घरातल्या एकाच माणसाचा पासपोर्ट लवकर संपणारा असतो आणि फक्त त्याचीच तारीख तोकडी निघते.

आता प्रत्यक्ष काम. अर्ज तुम्ही करत नाही, कंपनी करते: फॉर्म आय-१२९. तो मुदतीच्या सहा महिने आधीपासून भरता येतो, म्हणजे तुमच्या बाबतीत १५ सप्टेंबरपासून. त्याच्या आधी कंपनीला श्रम खात्याकडून एलसीए (पगार आणि कामाच्या अटींबद्दल हमी देणारा अर्ज) मंजूर करून घ्यावा लागतो. त्याला कामाचे सात दिवस लागतात, आणि त्याची नोटीस तुम्ही काम करता त्या ठिकाणी लावावी लागते. इथे दोन गोष्टी एचआरला तुम्ही स्वतःहून सांगा: सध्या तुम्ही नेमके कुठून काम करता (घरचा पत्ता धरून) आणि मागच्या पिटिशननंतर कामाचं स्वरूप बदललंय का. घर बदलून दुसऱ्या महानगर क्षेत्रात गेला असाल आणि सुधारित पिटिशन भरलेलं नसेल, तर ती गोष्ट नेमकी एक्स्टेन्शनच्या वेळी वर येते. वकिलाला ती आधी माहीत असलेली बरी.

तुमच्याकडून कागद लागतील ते: पासपोर्टची सगळी पानं, आधीची सगळी आय-७९७, ताजं आय-९४, अलीकडच्या तीन-चार महिन्यांचे पे-स्टब (पगाराच्या पावत्या), डब्ल्यू-२ (वर्षाच्या पगाराचा आणि कराचा दाखला), पदवी आणि गुणपत्रिका. क्लायंटकडे काम करत असाल तर क्लायंटचं पत्र, आणि हे पत्र मिळवायलाच सगळ्यात जास्त वेळ जातो. ऑगस्टमध्येच मागायला सुरुवात करा. पे-स्टब वकिलाकडे पाठवण्याआधी स्वतः नजरेखालून घाला. एलसीएवर वार्षिक पगार १,२०,००० डॉलर लिहिला असेल तर महिन्याला सरासरी १०,००० दिसले पाहिजेत. मध्येच एखादा महिना कमी दिसत असेल तर त्याचं कारण (बिनपगारी रजा, बाळंतपणाची रजा) कागदावर हवं. जानेवारी २०२५ पासून लागू झालेल्या नियमानुसार मुदत वाढवून मागताना तुम्ही आतापर्यंत स्टेटस सांभाळलंय (एच-१बीच्या अटी पाळल्यात) याचा पुरावा सोबत जोडावाच लागतो.

अर्ज मुदतीच्या आत पोचला आणि निर्णय आला नाही, तर त्याच कंपनीत मुदतीनंतर २४० दिवसांपर्यंत काम करता येतं. १५ मार्चपासून मोजलं तर १० नोव्हेंबर. वकील निवांत असतात ते याच्या जोरावर. पण मधेच अर्ज नामंजूर झाला तर काम त्याच दिवशी थांबतं आणि पायाखाली काहीच उरत नाही. म्हणून माझं मत स्पष्ट आहे: सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये अर्ज, आणि परवडत असेल तर प्रीमियम प्रोसेसिंग (जादा शुल्क भरून लवकर निकाल). त्यात १५ कामाच्या दिवसांत मंजुरी, नामंजुरी किंवा आरएफई (आणखी पुरावे मागणारी नोटीस) यांपैकी काहीतरी येतं. आरएफई आली तर घड्याळ थांबतं आणि उत्तर पोचल्यावर पुन्हा १५ दिवस नव्याने सुरू होतात. जुनी मुदत शिल्लक असताना निर्णय हातात असला, तर वाईटात वाईट निर्णयानंतरही पुन्हा अर्ज करायला वेळ राहतो. पिटिशनचा खर्च आणि वकिलाची फी कंपनीने द्यायची असते. ती तुमच्या पगारातून कापून घेणं नियमात बसत नाही.

आता पत्नीचं. तुमचं आय-१२९ मंजूर झालं म्हणून तिची मुदत वाढत नाही. तिला स्वतःचा आय-५३९ भरावा लागतो, मुलं एच-४ वर असतील तर त्यांचा आय-५३९ए त्यालाच जोडता येतो. ईएडीसाठी आणखी वेगळा आय-७६५. हे दोन्ही अर्ज प्रीमियममध्ये करता येत नाहीत. पूर्वी ते तुमच्या प्रीमियम पिटिशनसोबत एकत्र निकाली निघत, एका कोर्टातल्या समझोत्यामुळे. त्या समझोत्याची मुदत जानेवारी २०२५ मध्ये संपली. त्यात आणखी भर म्हणजे, ३० ऑक्टोबर २०२५ पासून दाखल होणाऱ्या ईएडी नूतनीकरणाला आपोआप मिळणारी मुदतवाढ बंद झाली. एच-४ चा अर्ज वेळेत गेला असेल तर तिला इथे राहता येईल, पण कार्डावरची तारीख उलटली की नवं कार्ड हातात येईपर्यंत नोकरी थांबवावी लागेल. तुमच्यासारखी २४० दिवसांची सोय तिला नाही. म्हणून तिन्ही अर्ज एकाच पाकिटात, सहा महिन्यांची खिडकी उघडताच पाठवा. ‘जानेवारीत बघू’ला माझा खरा विरोध यासाठी आहे.

तिच्या ईएडीवरून एक अंदाज बांधता येतो: तुमचं आय-१४० (ग्रीन कार्डासाठी कंपनीने केलेलं पिटिशन) मंजूर झालेलं असावं, कारण एच-४ ईएडीचा आधार बहुधा तोच असतो. तसं असेल आणि तुमची प्रायॉरिटी डेट (ग्रीन कार्डाच्या रांगेतली तुमची तारीख) अजून आली नसेल, तर एच-१बीची सहा वर्षांची मर्यादा तुम्हाला आडवी येत नाही, एका वेळी तीन वर्षांपर्यंत वाढ मागता येते. वकिलाला ती तीन वर्षांचीच मागायला सांगा.

एच-१बीवरच्या एक लाख डॉलरच्या शुल्काची धास्ती बरेच जण घेतात. सप्टेंबर २०२५ च्या घोषणेनंतर यूएससीआयएसने (हे सगळे अर्ज हाताळणारं खातं) २० ऑक्टोबरला खुलासा केला की इथे वैध स्टेटसमध्ये असलेल्या माणसाच्या मुदतवाढीला ते लागू नाही. पण स्टेटस तुटलेलं आढळलं आणि मुदतवाढ नाकारून नुसतं पिटिशन मंजूर केलं, तर ते लागू होऊ शकतं. आय-९४ बद्दल मी वर एवढं लांबण लावलं त्यामागे हेही आहे.

भारतात जायचंच असेल तर नवीन आय-७९७ हातात आल्यावरच तिकीट काढा. परत यायला स्टॅम्पिंग (पासपोर्टवर व्हिसाचा नवा शिक्का) लागेल, आणि सप्टेंबर २०२५ पासून एच-१बी आणि एच-४ ची ड्रॉपबॉक्सची (मुलाखतीशिवाय व्हिसा मिळण्याची) सोय संपली, प्रत्यक्ष मुलाखत द्यावी लागते. डिसेंबर २०२५ पासून सोशल मीडियाची खाती सार्वजनिक ठेवून त्यांची तपासणीही होते. त्यामुळे भारतातल्या अनेकांच्या ठरलेल्या तारखा कित्येक महिने पुढे ढकलल्या गेल्या. मुलाखतीनंतर २२१(जी)ची (निर्णय अजून बाकी असल्याची) चिठ्ठी मिळाली तर आठवडे-महिने थांबावं लागू शकतं. तिथून तेवढा काळ काम करायची परवानगी कंपनी देईल का, हे जाण्याआधी लेखी विचारून ठेवा. नुसता शिक्का नवा करण्यासाठी म्हणून मी कुणालाही आत्ता जायला सांगणार नाही.

मंजुरी आली की आय-७९७ए च्या खालच्या भागात नवं आय-९४ छापलेलं असतं. नावाचं स्पेलिंग, जन्मतारीख आणि मुदत तिथेच उभ्याउभ्या वाचून घ्या, चूक असेल तर लगेच वकिलाला कळवा. तोवर १५ मार्च उलटून गेला असेल, तर एचआरने तुमच्या आय-९ फॉर्मवर (नोकरीची परवानगी तपासल्याची कंपनीकडची नोंद) २४० दिवसांच्या वाढीची नोंद केली आहे ना, हेही विचारा. ड्रायव्हिंग लायसन्सची मुदत बऱ्याच राज्यांत आय-९४ ला बांधलेली असते, त्यामुळे नवा कागद घेऊन डीएमव्हीची एक फेरी धरूनच चाला.