जुन्या बर्टोया खुर्चीवरील क्रोम उडाला आहे. तो पुन्हा चढवून घ्यावा का?

आपण विचारले आहे की, हॅरी बर्टोया या शिल्पकाराने नोल या फर्निचर कंपनीसाठी घडवलेली तारेची डायमंड खुर्ची फिलाडेल्फियाजवळ विकाऊ आहे आणि तिचा क्रोम जागोजागी उडाला आहे. तर झीज मूळची आहे हे कसे ओळखावे, क्रोम पुन्हा चढवावा का आणि किंमत किती द्यावी. मधल्या प्रश्नाचे उत्तर एका शब्दात देतो : नको. भोसरीत बावीस वर्षे प्लेटिंग (धातूवर क्रोम-निकेलचा मुलामा चढवण्याच्या) खात्यात काढलेला माणूस हे सांगतो, याचे आमच्या जावईबापूंना आजही हसू येते, म्हणून सविस्तर लिहितो.

मुलीने पेनसिल्व्हेनियात एका जुन्या घराचे सामान निघाले तेव्हा अशा दोन खुर्च्या घेतल्या. मी त्यांतली एक उलटी करून खिडकीपाशी नेली. शोभेच्या क्रोमचा थर जेमतेम पाव ते अर्धा मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) असतो आणि त्याखालचे निकेल कितीतरी जाड. क्रोमची झाक निळसर, निकेलची पिवळट. पुढच्या कडेला, जिथे मांड्या टेकतात, आणि पाठीच्या वरच्या कडेला, जिथे धरून खुर्ची ओढली जाते, तिथे निळसर झाक हळूहळू पिवळट होत गेली होती आणि मध्ये कोठेही रेघ नव्हती. वापराची झीज अशी असते. पॉलिश पेपरने आणलेली झीज, जिथे मांडी किंवा हात पोचूच शकत नाही, अशा ठिकाणीही सापडते. पायांवर तांबूस ठिपके होते. ॲल्युमिनियम फॉइलचा ओला बोळा फिरवल्यावर बहुतेक निघाले आणि नखाला खड्डा लागला नाही.

माझ्या मते काम तिथेच संपले होते. जावईबापूंचे म्हणणे असे की, ‘‘बाबा, बसायचीच खुर्ची आहे, नवीकोरी दिसली तर बिघडले काय?’’ मी पुण्याला गेलो असताना त्यांनी एक खुर्ची प्लेटिंगला देऊन टाकली.

परतल्यावर मी आधी कडेवरून अंगठा फिरवला. १९५२ साली ही खुर्ची बाजारात आली तेव्हा कडेला दोन बारीक तारा होत्या. त्या दुहेरी कडेच्या हक्कावरून झालेल्या वादात हर्मन मिलर या दुसऱ्या फर्निचर कंपनीची सरशी झाली, तेव्हा नोलने एकच जाड तार घातली आणि जाळीच्या तारांची टोके तिथे तिरकी घासली. न छेडलेल्या खुर्चीत तो प्रत्येक तिरका छेद बोटाला मोजता येतो. आमच्या खुर्चीत बफिंगने (फिरत्या चाकावर घासून चकाकी आणताना) ते सगळे साबणाच्या वापरलेल्या वडीसारखे गोल झाले होते. तीन महिन्यांनी सांध्यांमधून तपकिरी ओघळ उतरले. जुना थर काढतानाचे ॲसिड वेल्डच्या फटीत अडकले आणि नीट धुतले गेले नाही, तर ते असेच पुढे पाझरत राहते. हे मी जाण्यापूर्वी दोनदा सांगितले होते. जावईबापू म्हणतात, त्या वर्षी हवा दमट होती.

रंगवलेली खुर्ची ओळखणे त्या मानाने सोपे आहे : स्क्रूची डोकी आणि वॉशर रंगाखाली बुजले असतील, किंवा तारांच्या फुल्यांमध्ये रंग साचून कोपरे भरले असतील, तर तो रंग नंतरचा समजावा.

एवढे ठासून लिहिले, तरी वेल्ड सुटला असेल तर दुरुस्ती करावीच लागते. पेन्सिलीने एकेक तार वाजवून पाहावी. सुटलेली तार खुळखुळते. (पुढे धातूच्या सळ्यांची नाद करणारी शिल्पे घडवणाऱ्या बर्टोयाला ही तपासणी नक्की आवडली असती.) गंजाने तारेला खड्डे पडून ती बारीक झाली असेल, तर मूळपणाचा हट्ट मीही धरणार नाही. आणि जुना रंग घरात कोरडा घासू नये, त्यात शिसे असू शकते.

किमतीविषयी मी बोलत नाही, तो प्रांत जावईबापूंचा आहे. आपण दिलेल्या फोटोत खुर्चीवर गादी आहे. ती काढून, खुर्ची उलटी करून, दिवसाच्या उजेडात स्क्रू आणि सांधे दिसतील असे फोटो विक्रेत्याकडून मागवा. गादीखालच्या तारा आणि पुढची उघडी कड यांची झाक अगदी एकसारखी निघाली, तर आमच्या जावईबापूंसारखे कोणीतरी तुमच्याआधी तिथे पोचलेले आहे.