मेंदूला मार लागलेल्या माणसाला मतदान करता येतं का?

तुमच्या भावाला अपघातात डोक्याला मार लागला, आता त्याला शब्द सापडत नाहीत, आणि शेजारी म्हणतात की अशांचं नाव यादीतून काढतात. शेजाऱ्यांचं ऐकू नका. १९५० च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याचं कलम १६ सांगतं की माणूस मनोविकल असेल आणि सक्षम न्यायालयाने तसं जाहीर केलं असेल, तरच तो अपात्र. डॉक्टरांच्या फाईलवर काहीही लिहिलेलं असो, त्याने मत जात नाही. विसरभोळेपणावरून नावं काढायची तर आधी बरेच उमेदवार बाद होतील!

मीही दुचाकीवरून पडलो, तेव्हापासून गर्दी-गोंगाटात डोकं लवकर थकतं. म्हणून सकाळी सातलाच केंद्रावर जातो. दिव्यांगांना रांगेत थांबावं लागत नाही, हे तिथल्या कर्मचाऱ्यांना बिनधास्त सांगायचं.

वाचा गेलेल्यांना मतदान तसं सोपंच. बोलावं लागत नाही, ओळखपत्र पुढे करायचं. यंत्रावर नावाबरोबर फोटो आणि चिन्ह असतं, त्यामुळे वाचता आलं नाही तरी चालतं. बटण दाबल्यावर मताची छापील चिठ्ठी काचेआड सातच सेकंद दिसते, हे मात्र घरी आधी समजावून ठेवा. मार लागल्यावर काहींचं डाव्या बाजूला लक्षच जात नाही. भावाचं तसं असेल तर सगळी यादी डावीकडून बघायची सवय लावा.

चिन्ह ओळखता येत नसेल किंवा बटण दाबता येत नसेल, तर केंद्राध्यक्षांच्या परवानगीने अठरा वर्षांवरचा सोबती आत नेता येतो. त्याला मत गुप्त ठेवण्याचं लिहून द्यावं लागतं, आणि एका दिवसात तो एकाच मतदाराचा सोबती होऊ शकतो. पण बटण कोणतं, ते भावानेच ठरवायचं. ‘त्याला काय कळतंय’ म्हणत घरचेच ठरवून टाकतात, त्याची मला जास्त चीड येते.

४० टक्क्यांचं दिव्यांग प्रमाणपत्र असेल तर लोकसभा-विधानसभेला घरूनही मत देता येतं. अधिसूचना निघाल्यापासून पाच दिवसांत नमुना १२-ड भरून बीएलओकडे (तुमच्या भागाची मतदारयादी सांभाळणारा कर्मचारी) द्या. मेंदूच्या इजेमुळे वाचा कायमची गेली असेल तर तेही २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात दिव्यांगत्वच आहे.

आणि कुणी खरंच नाव वगळण्याचा अर्ज केला, तर तुमची बाजू ऐकून घ्यावीच लागते. सुनावणीला भावाला घेऊन जा आणि न्यायालयाचा आदेश कुठे आहे, एवढंच विचारा.