दिसतंय तेवढ्यात थांबता येईल का?

हिवाळ्यात गाडी चालवण्याबद्दल प्रश्न पाठवा, असं मागच्या अंकात म्हटलं होतं. पत्रं भरपूर आली. बहुतेकांत तक्रार दुसऱ्याची आहे: नवऱ्याची, ट्रकवाल्याची, पोलिसाची, मागून हॉर्न मारणाऱ्याची. स्वतःच्या चालवण्याबद्दल शंका घेणारं पत्र एकच निघालं, तेही अडुसष्ट वर्षांच्या काकांचं. नव्या वाचकांसाठी सांगते, मी नागपूरच्या मानेवाड्यात ड्रायव्हिंग स्कूल चालवते. शिकवायच्या गाडीत माझ्याही पायाशी ब्रेक असतो, त्यामुळे लोक कुठे उगाच घाबरतात आणि घाबरायला हवं तिथे कसे निवांत असतात, हे रोज शेजारी बसून बघते.

प्रश्न: माझे यजमान कामासाठी समृद्धी महामार्गावरून छत्रपती संभाजीनगरला जाऊन-येऊन असतात. काटा 140 च्या खाली येत नाही. काही म्हटलं की ऐकवतात, "रस्ताच 150 साठी बांधला आहे, 120 चा बोर्ड चालान फाडायला लावला." त्यांचं बरोबर आहे का?
– एक वाचक, त्रिमूर्ती नगर

ताई, अर्धं बरोबर आहे, म्हणूनच ते जास्त धोक्याचं. समृद्धीची आखणी ताशी 150 किलोमीटर धरून झाली, हे खरं. पण त्या 150 मध्ये वळणाची गोलाई, चढ-उतार आणि समोरचं किती लांबून दिसावं, एवढंच गणित असतं. त्यावर धावणारी गाडी, तिचे झिजलेले टायर आणि पहाटे तीनला उठून निघालेला माणूस त्यात धरलेला नसतो. शिवाय त्याच रस्त्यावर मालवाहू गाड्यांना मर्यादा 80 ची आहे. म्हणजे तुमचे यजमान समोरच्या ट्रकवर ताशी 60 च्या फरकाने चालून जातात. 200 मीटरवर दिसलेला ट्रक 12 सेकंदांत बंपरपाशी येतो. तेवढ्यात तो ट्रक दुसऱ्या ट्रकला ओव्हरटेक करायला उजवीकडे निघाला, की काय उरलं?

आता एक हिशेब त्यांच्यापुढे ठेवा. भांडू नका, कागद-पेनच द्या, पुरुष मंडळींना आकडे आवडतात. रस्ता कोरडा, टायर चांगले, आणि धोका दिसल्यापासून ब्रेकवर पाय जायला दीड सेकंद धरू. 120 वरची गाडी थांबायला साधारण 130 मीटर घेते. 140 वरची घेते 168 च्या आसपास. "अडतीस मीटरचाच फरक ना?" असं ते म्हणतील. पुढचं गणित म्हणून सांगायचं. 120 ची गाडी जिथे पूर्ण थांबलेली असते, नेमक्या त्याच जागी 140 च्या गाडीचा वेग अजून 80 च्या वर असतो. ब्रेक पूर्ण दाबलेला असताना! एकाने अडथळ्यापुढे गाडी उभी केली, दुसरा त्यात 80 ने घुसला. वेग वाढतो त्याच्या वर्गाच्या पटीत ब्रेक लागल्यावरचं अंतर वाढतं, हे आपण दहावीच्या आसपास शिकतो आणि लायसन्स हातात आलं की विसरतो.

मिळवलं काय, तेही बघा. 100 किलोमीटरला 120 ने 50 मिनिटं लागतात, 140 ने 43. नागपूर ते शिर्डी 520 किलोमीटर, एकदाही पाय न उचलता गेलात तर सदतीस मिनिटं वाचतात. ती चहा-नाश्त्याला आणि टोलपुढच्या गप्पांत जातातच.

अजून एक गोष्ट यजमानांच्या ध्यानात येत नसणार. सरळ, मोकळ्या रस्त्यावर तासभर एकसारखं चालवलं की डोळे उघडे असतात पण डोकं कामातून जातं. समृद्धीच्या अपघातांचा अभ्यास करणाऱ्या व्हीएनआयटी या नागपूरच्या अभियांत्रिकी संस्थेतल्या मंडळींनीही हे कारण पुढे आणलं होतं. शिवाय वेगाची जाणीवच बोथट होते. समृद्धीच्या नागपूरकडच्या टोकाला, शिवमडक्याला खाली उतरलं की 70 म्हणजे गाडी उभी असल्यासारखी वाटते, आणि त्याच पायाने माणूस शहरात शिरतो, जिथे दुभाजकातल्या फटीतून सायकल निघते. म्हणून दीड-दोन तासांनी थांबायचं, उतरायचं, तोंडावर पाणी मारायचं.

त्यांच्या गाडीत 80 ला अधूनमधून आणि 120 च्या वर सतत वाजणारा बीप असेल. जुलै 2019 पासून नव्या कारमध्ये तो सक्तीचा झाला. तो अजून वाजतो का, तेवढं तपासा. "ताई, ते टुकटुक बंद करून भेटते का कुठं?" असं मला शिकायला येणारेच विचारतात.

प्रश्न: कन्हानहून पहाटे सहाला बुटीबोरीच्या ड्युटीवर कारने निघतो. डिसेंबर-जानेवारीत कधी कधी पाच हातांवरचं दिसत नाही. चारही इंडिकेटर लावून, ट्रकच्या मागच्या लाल दिव्यामागे चालवतो. हे ठीक आहे ना?
– एक कामगार वाचक, कन्हान

भाऊ, दोन्ही सवयी सोडा. चारही इंडिकेटर उभ्या गाडीसाठी असतात. चालत्या गाडीचे लुकलुकायला लागले की मागच्याला कळत नाही तुम्ही थांबलात की चाललात, आणि वळायचं असेल तेव्हा तुमच्याकडे सांगायला काही उरत नाही. हेडलाइट डिपरवर ठेवा. अप्परचा उजेड धुक्यावर आपटून तुमच्याच डोळ्यांत परत येतो. गाडीला फॉग लॅम्प असतील तर तेही लावा.

ट्रकच्या दिव्यामागे जाणं तर फारच महागात पडतं. ट्रक खड्ड्यात गेला तर तुम्ही खड्ड्यात, ट्रक एकदम थांबला तर तुम्ही त्याखाली. डाव्या कडेची पांढरी पट्टी धरून चला. मधली पट्टी धरू नका, समोरचाही तीच शोधत येत असतो.

वेग किती, हे काट्यावर ठरवू नका. रस्त्याकडेचे दिव्याचे खांब साधारण तीस मीटरवर असतात. एका खांबापाशी असताना पुढचा खांब जेमतेम दिसत असेल तर 40 ने सुद्धा तुम्ही काठावर आहात. वर डांबर दवाने ओलं असतं. तेव्हा 30 बरं. मी शिकाऊ मुलांकडून हेच म्हणवून घेते, "दिसतंय तेवढ्यात थांबता येईल का?" उत्तर नाही आलं की पाय उचलायचा. हे धुक्यालाच लागू आहे असं नाही. रात्री डिपरवर पन्नास-साठ मीटरच नीट दिसतं, आणि 70 वर गाडी थांबायला तेवढीच जागा घेते. त्या वर तुम्ही न दिसणाऱ्या रस्त्यावर चालवताय.

तुमच्या वाटेवर या दिवसांत सगळ्यांत वाईट काय, तर कापसाची ट्रॉली. बुटीबोरीच्या अलीकडे शेतं सुरू झाली की त्या लागतात. कापूस दोन्ही बाजूंनी आणि मागे इतका फुगवून भरलेला असतो की मागचा दिवा असलाच तरी त्याखाली दबतो. धुकं पांढरं, कापूस पांढरा. रिफ्लेक्टरची पट्टी शेतकऱ्याने लावली असती तर, वगैरे चर्चा नंतर करू, पहाटे सहाला ती तुमच्या कामाची नाही. नदीवरच्या पुलापाशी आणि तलावाकाठी धुकं एकदम दाटतं, तिथे आधीच हळू व्हा.

काच आतून धूसर झाली तर हाताने पुसत बसू नका. एसी चालू करा, हवा बाहेरची घ्या, झोत काचेवर सोडा. थंडीत एसी म्हटलं की लोक हसतात, पण एसी हवेतला ओलावा काढतो. आणि अगदीच दिसेनासं झालं तर रस्त्यावर थांबू नका. पेट्रोल पंप किंवा ढाबा गाठा, गाडी पूर्ण आत घ्या. ड्युटीला उशीर झाला तर सुपरवायझर बोलेल, बोलू द्या.

प्रश्न: रात्री साडेअकराला वर्धा रोड रिकामा होता. तरी वेगाचं चालान आलं, फोटोसकट. रिकाम्या रस्त्यावर कसला गुन्हा? ही तर वसुली आहे.
– एक संतप्त वाचक, मनीष नगर

फोटो तुमच्याच गाडीचा नसेल, नंबर चुकला असेल, तर महाट्रॅफिक ॲपवर तक्रार करता येते. गाडी तुमचीच असेल तर भरून टाका.

रस्ता रिकामा होता हे तुम्हाला कॅमेऱ्यानंतर कळलं, आधी नाही. रात्री साडेअकराला मेट्रोच्या खांबाआडून कोण निघतं, सांगते: हॉटेलचं काम संपवून पायी जाणारा पोरगा, शेवटची ट्रिप मारणारा ई-रिक्षा, आणि कुत्रं. जागतिक आरोग्य संघटना सांगते की कारच्या समोरच्या भागाची धडक बसलेल्या पादचाऱ्याच्या मरणाची शक्यता 50 वरून 65 ला जाताना साडेचार पट होते. हा पंधराचा फरक तुम्हाला स्टेअरिंगवर जाणवतही नाही. आणि कॅमेरा आला की सगळे करकचून ब्रेक मारतात, तो गेला की पुन्हा पाय खाली. हिवाळी अधिवेशनात पोलीस चौकाचौकांत असतात तेव्हा हेच नागपूरकर किती शिस्तीत चालवतात! म्हणजे येतं सगळ्यांना.

प्रश्न: मुलीची शाळा सातची. साडेतीन वर्षांची आहे, स्कूटीवर पुढे उभी राहते, तिला आवडतंही. थंडीमुळे माकडटोपी आणि मफलर गुंडाळून नेते. हेल्मेट तिला जड होतं. काय करू?
– एक आई, सक्करदरा

आवडतं म्हणून पुढे उभी करू नका. ब्रेक लागला की तिची हनुवटी थेट हँडलवर जाते, आणि तुमचे दोन्ही हात तेव्हा ब्रेकवर असतात.

चार वर्षांखालच्या मुलांसाठी 2022 मध्ये केंद्राने नियम केला, तो फेब्रुवारी 2023 पासून लागू आहे. मूल मागे बसेल, चालवणाऱ्याला बांधणारा पट्टा त्याला असेल, डोक्याला मापाचं हेल्मेट असेल आणि गाडी 40 च्या वर जाणार नाही. मुलांचं सायकलचं हेल्मेटही चालतं, ते हलकं असतं. सीताबर्डीला मिळतं. दुकानात तिला घेऊनच जा, मापाशिवाय घेऊ नका.

माकडटोपीवर हेल्मेट चढवलं तर ते डोक्यावर फिरतं. बघा हवं तर: पट्टा लावून हेल्मेट हाताने डावी-उजवीकडे हलवा, टोपी एका जागी राहते आणि हेल्मेट दुसरीकडे जातं. आत पातळ सुती रुमाल बांधा, कान झाकतील एवढाच. हनुवटीखालच्या पट्ट्यात दोन बोटं जावीत, तीन जात असतील तर ढिला आहे. मफलरचं टोक जॅकेटच्या आत खोचा, तिचंही आणि तुमच्या ओढणीचंही. हातमोजे तुम्ही घाला. जानेवारीत गारठलेली बोटं ब्रेकची पकड उशिरा घेतात, आणि नागपूरची थंडी काही गमतीची नाही. 29 डिसेंबर 2018 ला इथे पारा 3.5 अंशांपर्यंत उतरला होता.

प्रश्न: वय अडुसष्ट. शहरात 40 नेच चालवतो. मागून हॉर्न, मुलगा म्हणतो "बाबा, तुमच्यामुळे ट्रॅफिक जाम होते." रात्री समोरच्या पांढऱ्या लाइटने डोळे दिपतात. आता गाडी सोडावी का?
– एक सेवानिवृत्त वाचक, धरमपेठ

काका, धरमपेठेत 40 हा काही कमी वेग नाही. मुलाला सांगा, जाम गाडी उभी करून चाट खाणाऱ्यांनी होतो. फक्त एक पाळा, डावी लेन सोडू नका. उजव्या लेनमध्ये 40 ने चाललात तर लोक तुम्हाला डावीकडून कट मारतात, आणि ते तुम्हाला आरशात उशिरा दिसतं.

दिपण्याचं दुखणं मात्र अंगावर काढू नका. मोतीबिंदूची सुरुवात पुष्कळदा अशीच होते. डोळे तपासून घ्या, तोवर रात्री गाडी काढू नका. काच आतल्या बाजूने वर्तमानपत्राने पुसा, तिच्यावर बसलेला तेलकट थरही प्रकाश फोडतो. समोरच्या दिव्याकडे न बघता डावी कड बघायची.

हिवाळ्यात सूर्य खाली असतो, त्याचाही हिशेब ठेवा. संध्याकाळी पाचच्या सुमारास अमरावती रोडने वाडीकडे निघालात की तो थेट डोळ्यांत, सकाळी भंडारा रोडने निघालात तरी तेच. अर्धा तास पुढे-मागे केलं की त्रास संपतो. तुम्हाला तेवढी सवड आहे, मुलाला नाही.

गाडी सोडायची वेळ आली का, हे वयावर बघू नका. ओळखीच्या चौकात गोंधळ होतो का, बंपरवर नवे ओरखडे येतात का, शेजारी बसणारी माणसं हाताने दांडी धरतात का, ते बघा. शेवटचं लक्षण मी मुलांनाही सांगते.

प्रश्न: थंडीत टायरमध्ये हवा कमी ठेवावी की जास्त?
– एक वाचक, हिंगणा

कंपनीने सांगितली तेवढीच. ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर आकडा चिकटवलेला असतो, भरल्या गाडीचा वेगळा आणि रिकाम्या गाडीचा वेगळा. तो आकडा थंड टायरचा असतो. पारा पाच-सहा अंश उतरला की साधारण एक पीएसआय कमी होतो. म्हणून दिवाळीत भरलेली हवा जानेवारीच्या पहाटे कमी निघते. सकाळी घराजवळच्या पंपावर भरा. लांब चालवून आल्यावर आकडा जास्त दिसला म्हणून हवा सोडू नका, ती गरम झाल्याने वाढलेली असते. कमी हवेचा टायर जास्त दबतो, तापतो, आणि समृद्धीसारख्या सिमेंटच्या रस्त्यावर तासन्‌तास पळवला की फुटतो.

हवा भरता भरता टायरच्या बाजूला कोरलेले चार आकडे वाचा. 3519 असेल तर टायर 2019 च्या पस्तिसाव्या आठवड्यातला आहे. नक्षी शाबूत दिसली तरी एवढा जुना टायर लांबच्या प्रवासाआधी जाणकाराला दाखवा. आणि स्टेपनीत हवा आहे का, तेही त्याच वेळी बघून घ्या.