सूनबाईंची लॅटिन मिस्सा

प्रश्न : माझा मुलगा शिकागोत असतो. सून अमेरिकन, तिचं आजोळ पोलिश, धर्माने कॅथलिक. मुलगी गुणी आहे, आमच्याशी मायेने वागते. पण वय अवघं तिशीचं आणि घरात वर्षभर शुक्रवारी मांस शिजत नाही. रात्री मुलांना घेऊन गुडघे टेकून माळ जपते. रविवारी डोक्यावर जाळीदार ओढणी घेऊन लॅटिन प्रार्थनेला जाते. लॅटिन तुमच्या चर्चने सोडली ना? ही मंडळी कर्मठ आहेत का? नातवंडांचं काय होणार? ईस्टरला मी तिथेच असेन. कसं वागू? – एक आई, कोथरूड

उत्तर : ताई, चर्चने लॅटिन सोडलेली नाही. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने, म्हणजे जगभरच्या कॅथलिक बिशपांच्या सभेने, १९६३ साली उपासनेवरचा जो दस्तऐवज काढला, त्यात लॅटिन जपावी आणि लोकभाषांना वाव द्यावा, अशी दोन्ही वाक्यं आहेत. मिस्सा म्हणजे आमची चर्चमधली मुख्य उपासना. अमेरिकेत नोव्हेंबर १९६४ पासून ती इंग्रजीत सुरू झाली, १९६९ मध्ये पोप सहावे पॉल यांनी नवा विधी दिला आणि बघता बघता जुनी लॅटिन मिस्सा बहुतेक चर्चमधून दिसेनाशी झाली. २००७ मध्ये पोप सोळावे बेनेडिक्ट यांनी ती करायची मोकळीक दिली. २०२१ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी पुन्हा बंधनं घातली, म्हणून आता ती मोजक्या ठिकाणीच होते. या बंधनांनी तुमच्या सुनेसारखी साधी, भाविक कुटुंबं दुखावली, असं माझं स्पष्ट मत आहे. मात्र त्यांच्यातले काहीजण नव्या मिस्साला कमी लेखतात, तेही मला पटत नाही. मी वसईची, लग्न होऊन पुण्यात आले आणि मराठीतच प्रार्थना करत आले. मराठी मिस्सा मी कशाच्याही बदल्यात देणार नाही.

पण सूनबाई जे जपते आहे ते निव्वळ लॅटिन नाही. अमेरिकेत कॅथलिक म्हणून जगणं फार काळ सोपं नव्हतं. १८४४ मध्ये फिलाडेल्फियात आयरिश कॅथलिकांविरुद्ध दंगल उसळली, चर्च जाळली गेली. आयरिश, जर्मन, इटालियन, पोलिश अशी एकेक जमात आली आणि प्रत्येकीने आपलं चर्च, आपली शाळा, आपले सण बांधले. १८८४ मध्ये बाल्टिमोरला जमलेल्या बिशपांनी प्रत्येक चर्चला शाळा काढायला सांगितलं. कॅथलिक माणूस राष्ट्राध्यक्ष म्हणून निवडून यायला १९६० साल उजाडावं लागलं. त्याच सुमारास लोक उपनगरांकडे पांगले. आळी गेली तशा चालीरीतीही गेल्या. शिकागोतलं सेंट जॉन कँशियस हे पोलिश स्थलांतरितांचं चर्च असंच ओस पडत चाललं होतं. लॅटिन उपासना आणि जुनं संगीत परत आलं आणि ते पुन्हा भरू लागलं. आजीने दिलेलं आईच्या पिढीने ठेवून दिलं, आता नात ते शोधून काढते आहे. तिच्यावर कुणी लादलेलं नाही, ताई. स्वतः निवडलेल्या शिस्तीला मी कर्मठपणा म्हणणार नाही.

शुक्रवारचंच बघा. ख्रिस्त शुक्रवारी क्रुसावर गेला, म्हणून त्या दिवशी मांस वर्ज्य. १९६६ मध्ये अमेरिकन बिशपांनी उपवासकाळाबाहेरच्या (उपवासकाळ म्हणजे ईस्टरआधीचे सुमारे चाळीस दिवस) शुक्रवारी मांसाऐवजी दुसरं काही प्रायश्चित्त चालेल असं ठरवलं, आणि बहुतेकांनी दोन्ही सोडलं. तुमच्या घरात ते टिकलंय. मासे, अंडी, दूध चालतं. उपवासकाळात शुक्रवारी संध्याकाळी चर्चच्या हॉलमध्ये तळलेल्या माशांची जेवणं होतात, सगळी आळी लोटते. मॅकडोनाल्ड्सचं फिश सँडविचसुद्धा १९६२ साली सिनसिनाटीत एका दुकानदाराने काढलं, कारण शुक्रवारी त्याचे कॅथलिक गिऱ्हाईक बर्गर खात नसत. तुम्ही पोहे, थालीपीठ, बटाट्याची भाजी करा, पंगत छान होईल.

पुण्य शनिवार, म्हणजे ईस्टरच्या आदला दिवस, चुकवू नका. पोलिश घरांत त्या दिवशी टोपली भरतात: उकडून रंगवलेली अंडी, पाव, मीठ, सॉसेज, हॉर्सरॅडिश नावाचं झणझणीत मूळ, लोण्याचं कोकरू. वर विणलेलं पांढरं वस्त्र. टोपल्या चर्चमध्ये नेऊन फादरांकडून आशीर्वाद घेतात आणि रविवारी सकाळी त्या अन्नानेच उपवास सोडतात. सुनेला आधीच सांगा की मी मदत करते. लोण्याचं कोकरू करताना मुलांचा भलताच गोंधळ होतो, तिथे आजी हवीच.

मिस्साला जाल तेव्हा तिच्या शेजारी बसा. पुस्तिकेत एका बाजूला लॅटिन, दुसऱ्या बाजूला इंग्रजी असतं. पान हरवलं तरी चालेल. फादर बहुतेक वेळ वेदीकडे तोंड करून असतात, लोकही तिकडेच. बराच भाग हळू आवाजात असतो, त्याने बावरू नका. गुडघे दुखत असतील तर बसून राहा. ख्रिस्तशरीर, म्हणजे मिस्सात वाटली जाणारी पवित्र भाकर, मात्र घ्यायला जाऊ नका, ते कॅथलिकांपुरतं आहे, जागेवरच थांबा. ओढणीची सक्ती नाही. १९१७ च्या धर्मनियमांत बायकांनी डोकं झाकावं असं होतं, १९८३ च्या नियमांत ते नाही. साडीचा पदर घेतलात तर तिला मनापासून आवडेल.

नातवंडांबद्दल सरळच सांगते. मिश्र विवाहात कॅथलिक जोडीदार मुलांचा बाप्तिस्मा आणि धर्मशिक्षण यांसाठी आपल्याकडून होईल ते सगळं करण्याचं वचन देतो, आणि दुसऱ्या जोडीदाराला त्याची पूर्ण कल्पना दिलेली असते. म्हणजे तुमच्या मुलाला हे ठाऊक होतं. तो तुमच्याशी बोलला नसेल तर त्याला विचारा; सुनेवर राग काढू नका. मुलं माळ जपतील आणि तुमच्याकडून मराठीही शिकतील. त्यांना गोष्टी सांगा, पाढे म्हणायला लावा, गणपतीत पुण्याला बोलवा. सूनबाई नाही म्हणेल असं तुमच्या पत्रावरून वाटत नाही.

परत आलात की लिहा. टोपलीत काय काय होतं, ते मला वाचायचंय.